मिळणेबाबत

बेगडेवाडीच्या फलाटावर पुण्याकडच्या लोकलची वाट बघणाऱ्यांत एक गृहस्थ बारा महिने काखेत छत्री आणि हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन उभे असतात. छत्री पावसासाठी, फाइल सरकारसाठी. हे आमचे तात्या. देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. पेन्शन वेळेवर, मुलं मार्गी, गुडघे शाबूत. अशा माणसानं सोमवारी घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढाव्यात. तात्या सोमवारी कचेरीच्या चढतात, कारण सोमवारी साहेब जागेवर असतात.

तात्यांना कर भरायचा नसतो, असं मात्र कुणी समजू नये. कर बुडवणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. त्यांना फक्त पूर्ण कर भरायचा नसतो. ‘‘बिलावर छापलेली रक्कम जो निमूट भरतो, तो नागरिक कसला? तो गिऱ्हाईक!’’ हे त्यांचं राज्यशास्त्र. बिल हातात आलं की आपण आकडा बघतो. तात्या बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचतात. सूट तिथे असते.

दैवानंही त्यांना भरपूर वाव दिला आहे. मुलगा कोथरूडला, म्हणजे पुणे महापालिका. चिंचवडचा फ्लॅट काकूंच्या नावावर, म्हणजे पिंपरी-चिंचवड. स्वतः बेगडेवाडीत, आणि लेक थेट अमेरिकेत. चार ठिकाणचे कर आणि सवलती मागणारा माणूस एकच.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत आहे. 1970 पासूनची ही सवलत मध्ये काही वर्षं बंद पडली आणि 2023 मध्ये सरकारनं पुन्हा सुरू केली. पण ती हवी असेल तर ‘पीटी-3’ नावाचा अर्ज भरून द्या, असं ठरलं. पुणेकरांनी कपाळावर हात मारला. तात्यांना मात्र अर्ज नसलेली सवलत खिरापतीसारखी वाटते. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसकार्ड, रेशनकार्ड यांतलं काय काय चालेल, याची यादी त्यांनी मिळवली आणि सगळंच जोडलं. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, यातले एक-दोन पुरतात.’’ तात्या म्हणाले, ‘‘पुरतात म्हणूनच अडकतात.’’ पुढे अर्जाला मुदतवाढ मिळाली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच अर्ज देऊन बसलेले तात्या दोन दिवस घुश्शात होते. मुदतवाढ म्हणजे शिस्तीच्या माणसाचा जाहीर अपमान, असं त्यांचं मत आहे.

कोथरूडच्या त्या सोसायटीत पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आहे, गच्चीवर सौरऊर्जेचे बंब आहेत आणि कोपऱ्यात गांडूळखताचा हौद. यातला एक प्रकल्प असेल तर महापालिका करात 5 टक्के सूट देते, दोन असतील तर 10. अट एवढीच की प्रकल्प चालू हवा. तपासणीत बंद दिसला की सूट गेली. बंब गळायला लागले त्याच सुमारास हौदातली गांडुळंही उन्हाळ्यानं गेली. तेव्हा तात्यांनी बेगडेवाडीच्या परसातली ओली माती उकरून गांडुळं डब्यात भरली आणि लोकलनं पुण्याला नेली. शेजारच्या प्रवाशानं डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘‘पाच टक्के.’’

चिंचवडचं प्रकरण त्या मानानं सरळ. तिथे बाईच्या नावावरच्या राहत्या घराला सामान्य करात सूट मिळते, म्हणून तो फ्लॅट काकूंच्या नावावर. काकू सांगतात, ‘‘नाव माझं, सही माझी. किल्ली कुठली लागते ते मात्र यांनाच ठाऊक.’’

एस.टी.त काकूंना अर्धं तिकीट, तात्यांनाही अर्धं. पंचाहत्तरी पूर्ण झाली की तात्यांना ते पूर्ण माफ होणार. त्यांच्याइतक्या आतुरतेनं म्हातारपणाची वाट पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रेल्वेनं मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली, त्याचं सुतक अजून त्यांच्या घरात पाळलं जातं. आणि शेजारचे सुभेदार? माजी सैनिकांना घरपट्टी माफ, असं 2020 मध्ये शासनानं केल्यापासून तात्या त्यांना वाकून नमस्कार करतात. तो सलाम पूर्वी सीमेवरच्या नोकरीला असायचा.

या धंद्यात तात्यांना काय सुटतं, याचा हिशेब मी एकदा मनाशी केला. झेरॉक्स, फोटो, रिक्षा, कचेरीसमोरचा चहा, शिवाय दुपारचं हॉटेलातलं जेवण. उरलं फारसं काही नाही. पण हे तात्यांना बोलून दाखवायचं नसतं. अर्जाच्या प्रतीवर ‘आवक’चा शिक्का पडतो तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. आपण आहोत, याची सरकारदरबारी नोंद झालेली असते.

मागच्या पावसाळ्यात लेकीचा पोर्टलंडहून फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली की इथे पावसाच्या पाण्याचं बिल येतं. तात्यांना आधी चेष्टा वाटली. मग तिनं समजावलं. छपरावर आणि काँक्रीटवर पडलेलं पाणी जमिनीत मुरत नाही, ते वाहून न्यायला नगरपालिकेला गटारं बांधावी लागतात, त्याचा हा आकार. रस्त्यांवरच्या पाण्याचा वाटा सगळ्यांनाच द्यावा लागतो. पण आपल्या आवारातलं पाणी आवारातच जिरवलं तर त्या भागावर थेट 100 टक्क्यांपर्यंत सूट.

‘‘शंभर?’’ तात्या उभे राहिले.

‘‘हो बाबा. मी ऑनलाइन भरूनसुद्धा टाकला अर्ज.’’

‘‘आणि पोहोच?’’ एवढं विचारून ते खाली बसले.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. लोणावळ्याला कोसळणारा पाऊस देहूरोडपर्यंत येताना बराच दमतो, तरी आमची गल्ली घोटाभर पाण्यात बुडवण्याइतका शिल्लक असतोच. सगळ्यांनी अंगणात पेव्हिंग ब्लॉक घातलेत. पाणी जाणार कुठे? तात्यांच्या अंगणात तेवढी माती आहे, आणि पत्र्याच्या पन्हळीचं पाणी पाइपानं चिकूच्या बुंध्याशी सोडलेलं आहे. म्हणजे साऱ्या गल्लीत या सवलतीला पात्र असलेला एकुलता एक माणूस तात्या, आणि सवलत द्यायला इथे बिलच नाही! एवढा अन्याय त्यांच्यावर रेल्वेनंही केला नव्हता. (गांडुळं त्या मातीत का टिकतात, हेही मला तेव्हाच कळलं.)

सकाळी त्यांनी टेप घेऊन पत्रा मोजला, टोक धरायला मला बोलावलं आणि सोमवारी अर्ज घेऊन कचेरीत गेले. विषय: पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरील शुल्कात सवलत मिळणेबाबत. सोबत पत्र्याचा नकाशा आणि चिकूचा फोटो.

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. ‘‘तात्या, असं शुल्कच नाही आपल्याकडे.’’

‘‘आज नाही. लागू होईल तेव्हा इथे रांग लागेल. माझी तारीख आजची धरा.’’

कारकून जरा वेळ पंख्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं शिक्का मारला. तेवढ्यात रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी तात्यांच्या खांद्यावरून वाकून हळूच विचारलं, ‘‘याची एक झेरॉक्स मिळेल का?’’

तात्यांनी वळून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

‘‘मिळेल. अंगणात ब्लॉक किती घातलेत तुम्ही?’’