उदबत्तीवाले मामा

खोलीत विडी-सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याची पहिली खूण म्हणजे तो कधीच ओढत नाही. शर्टाच्या खिशातून पाकीट डोकावत असतं, बोटं पिवळी पडलेली असतात आणि चेहरा मात्र एकादशीचा. 'मी? छे हो!' हे 'छे हो' इतक्या मनापासून येतं की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच नाकाची शंका यावी. तुमच्याही घरी असे एखादे काका, भाऊजी किंवा साहेब उतरून गेले असतीलच, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. माझ्याकडे मात्र ते रोज येतात. राजाजीनगरच्या ज्या हॉटेलात मी फ्रंट ऑफिस सांभाळते, तिथे जवळपास प्रत्येक खोलीच्या दारामागे, टेबलावर आणि बाथरूमच्या आरशाशेजारी धूम्रपानाला मनाई असल्याचं कन्नड, इंग्रजी आणि हिंदीत लिहिलेलं आहे. 'मराठीत कुठं लिवलंय?' असं आजवर एकाच माणसाने विचारलं. तो माणूस निपाणीचा.

निपाणी हे माझ्या आईचं माहेर. गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना मामा म्हणायचं, हा आईने घालून दिलेला नियम. त्यामुळे या मामांचं आणि माझं रक्ताचं नातं काहीच नसलं तरी दंडाची पावती फाडायची वेळ आली की हात अडखळतो. मामांची तंबाखूची अडत होती. आता ती पुतण्या बघतो आणि मामा बेंगळुरूला येतात. मुलगा व्हाइटफील्डला राहतो. पण बस सकाळी यशवंतपूरला सोडते आणि तिथून व्हाइटफील्ड गाठायला, मामांच्या हिशोबाने, निपाणीहून बेळगावला जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून आधी दोन रात्री आमच्याकडे मुक्काम आणि मग मुलाकडे. येताना माझ्यासाठी भडंगाची पिशवी असते. स्वतःसाठी काय असतं, ते बॅग उचलणाऱ्या पोरालासुद्धा वासावरून कळतं.

हा पोरगा हासनचा. हाउसकीपिंगला आहे आणि त्याच्या नाकाला तोड नाही. पहिल्यांदा मामा उतरले त्या रात्री त्याचा फोन आला, "मॅडम, होगे वासने." धुराचा वास येतोय म्हणाला. मी वर गेले. मामांनी दार बोटभर उघडलं. त्या फटीतून जो निळसर लोट बाहेर आला, त्याच्याआडून आवाज आला, "उदबत्ती हाय ती."

"मामा, उदबत्तीला विडीचा वास कसा काय?"

"निपाणीची हाय."

तिथून ही उदबत्ती माझ्या मागे लागली ती लागलीच. पुढच्या खेपेला मामा पुरावा घेऊन आले, म्हैसूरच्या उदबत्तीचा अख्खा पुडा. तो टेबलावर, दारातून दिसेल असा ठेवलेला होता. खोलीत धूर आणि पुड्याचं सील जसंच्या तसं. ही चूक मी दाखवून दिली. मामा माणूस शिकणारा. त्यानंतरच्या खेपेला पुडा फोडलेला होता, खाली नाश्त्याला ठेवलेलं केळं वर आणून त्यात काडी रीतसर खोचलेली होती, शेजारी काडेपेटी. फक्त काडी पेटवायची तेवढी राहिली होती. बशीत मात्र पाचसहा थोटकं, प्रत्येकाला लाल दोरा.

"हे काय, मामा?"

"जळक्या काड्या."

"काड्यांना टेंभुर्णीचं पान गुंडाळलंय."

"आता तसल्या बी येत्यात," असं म्हणून मामांनी केळं सोलून खाल्लं.

या जमातीची हत्यारं तशी सगळ्यांची सारखीच. दाराखाली ओला टॉवेल, बाथरूमचा पंखा चालू, धूर ओळखणाऱ्या यंत्राला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी. थोटकं चहाच्या किटलीत घालणारे आहेत. त्यांच्याबद्दल मला इथे छापता येईल असं काही म्हणायचं नाही. कमोडमध्ये टाकणारे जास्त, कारण थोटूक वाहून जातं अशी त्यांची श्रद्धा असते. ते जात नाही, तरंगतं. मग सगळ्या खोलीत अत्तर नाहीतर डिओ फवारतात. त्याने धुराचा वास जात नाही, दोन वास होतात.

बरं, मामा कायद्यातही पक्के. "मी सिगरेट वडतच न्हाई," हे ते छातीवर हात ठेवून सांगतात आणि ते अक्षरशः खरं आहे. पण 2003 च्या केंद्रीय कायद्यात धूम्रपानाची जी व्याख्या आहे, तिच्यात सिगारेट आणि सिगारच्या शेजारी विडीला नावानिशी जागा दिलेली आहे. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक जागी ओढायला बंदी घातली, मागून हा कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त धरून, त्याचे कडक नियम लागू झाले. मी मामांना हेही ऐकवलं की ज्यांच्या नावाने हे राजाजीनगर आहे ते राजगोपालाचारी म्हणजे गांधीजींचे व्याही, शिवाय 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणारे. असल्या माणसाच्या नावाच्या वस्तीत येऊन तुम्ही हे उद्योग करता? मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उदबत्तीबद्दल काय म्हनत होतं ते दोघं?"

उदबत्तीबद्दल कायदा काहीच म्हणत नाही. दंड मात्र कर्नाटकात 2025 पासून दोनशेवरून हजारावर गेला आहे. खोली साफ करण्याचे दोन हजार आमचं हॉटेल वेगळे लावतं.

ज्या रात्री भोंगा वाजला, ती रात्र अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. मामांना कुणीतरी सांगितलं होतं की बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडला की वाफेत धूर विरतो. छताला लावलेल्या त्या पांढऱ्या डबीत एक प्रकाशाचा झोत असतो. एरवी तो आपल्या वाटेने सरळ जातो. आत धूर शिरला की प्रकाश विखुरतो, थोडा बाजूच्या डोळ्यावर पडतो आणि भोंगा सुटतो. दाट वाफेनेही प्रकाश तसाच विखुरतो, हे सांगणाऱ्याने सांगितलं नव्हतं. मामांनी अर्धा तास गिझर उकळला आणि बाथरूमचं दार उघडलं. एकट्या विडीने कदाचित निभावलंही असतं. वाफेने घात केला.

रात्री दीड वाजता सगळं हॉटेल लॉबीत. तुमकूरहून लग्नाला आलेलं अख्खं वऱ्हाड, कडेवर झोपलेली पोरं, मेंदीचे हात वर धरून उभी असलेली नवरी. सगळ्यांच्या शेवटी जिन्यावरून मामा उतरले. अंगावर शाल, हातात बॅग, केस ओले. येताच त्यांनी जमलेल्या लोकांवरून चौकशीची नजर फिरवली आणि कन्नडमध्ये, मोठ्यांदा, काळजीच्या सुरात म्हणाले की कुणीतरी उदबत्ती लावलेली दिसते. हासनच्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात वऱ्हाडातल्या एका आजींनी मामांचे ओले केस आणि शाल बघून परस्पर निकाल दिला, "पाप, पूजे माडता इद्रु." बिचारे पूजा करत होते म्हणे! आजींनी मामांना बसायला खुर्ची द्यायला लावली. दुसऱ्या दिवशी मामा त्यांच्या पंगतीला जेवून आले.

आता इतरांच्या मानाने मामा परवडले, हेही सांगायला हवं. वाफेची पेनं ओढणारे तरुण येतात. त्यांच्या खोलीला स्ट्रॉबेरीचा वास येतो आणि 'ही सिगारेट नाहीच' हे ते इंग्रजीत समजावतात. त्या पेनांच्या विक्रीवर 2019 पासून देशभर बंदी आहे, हे सांगितलं की त्यांना एकदम मीटिंग आठवते. मोठ्या कंपन्यांचे साहेब 'तुमच्या मालकांना मी ओळखतो'पासून सुरुवात करतात. आणि व्यसनमुक्तीवर बोलायला आलेले एक वक्ते गादीला दोन भोकं पाडून गेले. ते उशी टाकून झाकण्याइतका सभ्यपणा त्यांच्यात होता.

हे सगळे गेले की त्यांचा वास तेवढा मागे राहतो. आमच्यापासून जवळच सरकारी चंदनसाबणाचा कारखाना आहे. पहिल्या महायुद्धात चंदनाचं लाकूड युरोपला जाईना, तेव्हा म्हैसूर संस्थानाने 1916 च्या सुमारास त्याचं तेल काढायला घेतलं आणि त्यातून हा साबण आला. मेट्रोच्या स्टेशनलाही त्याचंच नाव आहे. अशा सुवासिक शेजारात राहून आम्ही काय करतो, तर पडदे उतरवून धुलाईला टाकतो, एसीच्या जाळ्या धुतो, भिंती आणि कपाटाचे दरवाजे पुसतो, ओझोनचं यंत्र लावून खोली बंद ठेवतो आणि एका रात्रीच्या भाड्यावर पाणी सोडतो. तरी हासनचा पोरगा दारात उभा राहून मान हलवतो. सॅन दिएगोच्या संशोधकांनी 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या हॉटेलांत काही खोल्यांमध्ये ओढायला परवानगी असते, त्यांच्या मनाई असलेल्या खोल्यांतही निकोटीन चिकटलेलं सापडलं आणि तिथे रात्रभर राहिलेल्या, कधीही न ओढणाऱ्या लोकांच्या बोटांवरही. आमच्या पोराला त्या अभ्यासाची गरज नव्हती.

एकदा घाईत मामांच्या खोलीत दमा असलेला एक लहान मुलगा आणि त्याची आई उतरली. रात्री अकराला त्या माऊलीने पोराला उचलून खाली आणलं. तो छाती धरून बसला होता. आम्ही खोली बदलून दिली, डॉक्टर आले, पंप दिला. पुढच्या खेपेला मी हे मामांना सांगितलं. वाटलं, आता उदबत्ती येणार. आली नाही. मामा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. तेव्हापासून जाताना किल्ली देतात आणि हळूच सांगतात, "लगीच कुनाला देऊ नकोस गं खोली." ओढायचं काही सुटलं नाही.

मग मी शेवटचा उपाय केला. तीस किंवा त्याहून जास्त खोल्या असलेल्या हॉटेलला ओढणाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या ठेवता येतात. त्या एकाच मजल्यावर असाव्या लागतात आणि धूर इतरांकडे न जाता बाहेर सोडावा लागतो. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर तशा खोल्या आहेत. मामांना तिथे टाकलं. टेबलावर राखदाणी, वर बाहेर धूर ओढणारा पंखा, पाटी 'इथे ओढा' म्हणणारी. सकाळी पोरगा गोंधळून खाली आला. राखदाणी कोरडी ठणठणीत. मामांनी अख्ख्या रात्रीत एकही विडी पेटवली नव्हती. आणि पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या कागदावर, निळ्या शाईत, मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'जेवण चांगले. पाणी गरम. रात्री ऑफिसातून फोन आला नाही.'

मी तो कागद घेऊनच चहाला त्यांच्यासमोर बसले. मामा आधी हवापाण्यावर बोलले. मग 1981 सालच्या तंबाखूच्या आंदोलनावर आले. त्यात निपाणीच्या शेतकऱ्यांनी हाच पुणे-बेंगळुरू रस्ता अडवला होता. मामाही तिथे दिवसदिवस बसून होते आणि मामी डब्यातून भाकरी आणायच्या. रस्त्यावर कितीही ओढली तरी बोलायच्या नाहीत. घरी मात्र सोप्यातच ओढायची, उंबऱ्याच्या आत धूर आला की स्वयंपाकघरातून हाक यायची. धूर असो नसो, यायचीच.

"म्या म्हनायचो, उदबत्ती हाय," मामा म्हणाले.

मामी जाऊन तीन वर्षं झाली. सोपा, माजघर, देवघर, आता कुठेही ओढली तरी कुणी काही म्हणत नाही. मुलाच्या घरी सूनबाई बाल्कनीचं दार अदबीने लावून घेते. "तू तेवढी फोन करून वरडतीस," मामा म्हणाले, आणि भडंगाची पिशवी माझ्याकडे सरकवली.

यावर काय बोलणार? मामांना आता दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली देतो. ती पुढचे दोन दिवस कुणालाही देत नाही. रात्री साडेदहाला मी फोन करते, चांगली ओरडते. घरी असले तर घरून करते. सफाईचे दोन हजार ते येतानाच रोख भरतात. पावती घेतात, पण तपशिलाच्या रकान्यात काय लिहायचं यावर अडून बसतात, आणि अकाउंट्सच्या मुलीने ते त्यांच्या मनासारखं लिहिल्याशिवाय जिना चढत नाहीत.

बाकीच्यांना विनंती एवढीच की बुकिंग करताना विचारलं तर खरं सांगा. चौथ्या मजल्यावर खोल्या असतात, भाडं तेवढंच आहे. आणि सापडलात तर मामांचा दाखला देऊ नका. त्यांचे पैसे आगाऊ जमा असतात.