नाडीनिष्ठ धावक

नाडीनिष्ठ धावक हा शहरी धावकांचा एक पोटप्रकार. पहाटे साडेपाचच्या सुमारास टेकड्यांवर आणि तळ्यांच्या काठी तो हमखास आढळतो. वय चाळिशीपुढचे, पोशाख पूर्ण शर्यतीचा, वेग मात्र कोथिंबीर आणायला निघालेल्या माणसाचा. बघणाऱ्याला तो दमलेला वाटतो. प्रत्यक्षात दमू नये म्हणूनच त्याचा सारा खटाटोप चाललेला असतो.

अमेरिकेचे फिल मॅफेटोन हे त्याचे आद्यगुरू. त्यांचे सूत्र सोपे: १८० वजा वय. पंचेचाळिशीच्या माणसाने नाडी मिनिटाला १३५ च्या वर जाऊ द्यायची नाही. मोठ्या आजारातून उठलेल्याने आणखी १० वजा करायचे, वर्षाला दोनपेक्षा जास्त वेळा सर्दी होणाऱ्याने ५. दोन वर्षांहून अधिक काळ विनातक्रार सराव करून प्रगती केलेल्याला ५ ची सूट मिळते. हिशेबाच्या वेळी नाडीनिष्ठाला आपली सर्दी कधीच आठवत नाही. सूट मात्र तो हक्काने घेतो.

यामागचे शास्त्र खोटे नाही. संथ धावताना इंधनात चरबीचा वाटा जास्त असतो. अशा सरावाने, म्हणजे ‘बेस बिल्डिंग’ने, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा सुधारते. थकवा लवकर भरून येत असल्यामुळे आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढवता येतात आणि काही महिन्यांनी तेवढ्याच नाडीत वेगही वाढतो. मॅफेटोन यांचा शिष्य मार्क ॲलन हवाईची आयर्नमन स्पर्धा सहा वेळा जिंकला. नाडीनिष्ठ हे अशा थाटात सांगतो, की सातवा विजय ॲलनने त्याच्यासाठीच राखून ठेवला असावा.

चढ लागला की आकडा १३६ होतो, मनगटावरचे घड्याळ थरथरते आणि हा गपकन चालू लागतो. मागून कानटोपीतल्या आजी येतात.

"काय रे, पाय मुरगळला का?"

"नाही हो आजी, बेस बिल्डिंग चाललंय."

आजी कळवळून मान हलवतात आणि पुढच्या वळणावर दिसेनाशा होतात.

उकाडा हा त्याचा मुख्य शत्रू. अंग गार ठेवायला रक्त त्वचेकडे वळते, घामाने शरीरातले पाणी घटते आणि वेग तोच असूनही नाडी चढते. दुसरा शत्रू खुद्द घड्याळ. प्रकाशाने नाडी टिपणारे हे यंत्र कधीकधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजते आणि १७० दाखवते. मग छातीचा पट्टा येतो. आता आकडा खरा येतो, हा पट्ट्याचा फायदा, तोटाही तोच.

महिन्याकाठी तो ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या नाडीत स्वतःची चाचणी घेतो. किलोमीटरमागे दहा सेकंद वाचले तर श्रेय चिकाटीचे. वाढले तर दोष हवेतल्या दमटपणाचा.

ही निष्ठा बहुधा जानेवारीपर्यंत टिकते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर ऑफिसातला कोणी मागून येऊन पुढे निघून गेला, की घड्याळाचा गजर बंद करायचे बटण त्याला पहिल्याच झटक्यात सापडते.