डहाणू लोकलमधले ट्रेड

विरार लोकलची महती मराठी माणसाने इतकी गायली आहे, की विरारच्या पुढेही रूळ आहेत हे पुष्कळांच्या गावीच नसतं. आहेत. 2013पासून त्यांवरून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते. वैतरणेचा पूल ओलांडला की डावीकडे खाजणं, उजवीकडे तांदूळवाडीचा डोंगर आणि मधून आपली लोकल, असा थाट सुरू होतो. फोर्टातल्या ऑफिसात बसून ही गाडी सकाळी उलट्या दिशेने रिकामी जात असेल असं वाटतं खरं, पण बोईसरला एमआयडीसी आहे, तारापूरला अणुवीज केंद्र आहे आणि तिथे काम करणारी निम्मी माणसं वसई-नालासोपारा-विरारला राहतात. त्यामुळे सकाळच्या डाऊन गाडीलाही खिडकी मिळवायला पुण्याई लागते.

मी निघालो होतो तारापूरकडच्या एका गावी. माझ्या मित्राच्या भाच्याने टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत एक संघ विकत घेतला होता आणि त्या दिवशी खेळाडूंचा लिलाव होता. "ये, जेवण आहे," एवढंच मित्र म्हणाला. क्रिकेटसाठी मी गेलो नसतो.

डब्यात पाय ठेवताच पहिला प्रश्न आला, "कुठे उतरणार?" विरारपुढे ही नुसती चौकशी नसते, बोली असते. सफाळे म्हणालात तर चार माणसं तुमच्याकडे प्रेमाने बघतात. डहाणू म्हणालात तर तुमची पाठसुद्धा कोणी बघत नाही. मी बोईसर म्हणालो. सगळा डबाच बोईसरचा, त्यामुळे माझा भाव शून्य. पण माझ्यासमोर एक व्यवहार झाला तो मनापासून ऐकण्यासारखा होता. पालघरला उतरणाऱ्या गृहस्थांनी आपली खिडकी आधीच एका सुपरवायझरांना देऊ केली होती. सुपरवायझरांची मधली जागा चौथ्या सीटवर टेकलेल्या टोपीवाल्या काकांना मिळायची होती, काकांची चौथी सीट एका इअरफोनवाल्या मुलाला आणि त्या मुलाची दाराजवळची वाऱ्याची जागा मला. चार जागांचा करार, कागद नाही, पैसा नाही, अडीच मिनिटांत पक्का. आयपीएलच्या संघमालकांना एवढ्यासाठी तीन हॉटेलं आणि सात वकील लागतात.

आणि विषय आयपीएलचाच होता. दिवस नोव्हेंबर 2025च्या अखेरचे. मैदानावर चेंडू पडायला अजून चार महिने होते, तरी डबा रंगात आला होता. सुपरवायझरांच्या मते खरा सीझन हाच. "मॅच काय, कोणीही बघतं. डोकं लागतं ते आत्ता." नियमही त्यांना पाठ. सीझन संपल्यावर सात दिवसांनी ट्रेडची खिडकी उघडते, लिलावाच्या एक आठवडा आधी बंद होते, लिलाव झाला की पुन्हा उघडते आणि पुढच्या सीझनच्या महिनाभर आधी कायमची मिटते. प्रॉव्हिडंट फंडाचे नियम ह्याच गृहस्थांना एवढे पाठ असतील असं मला वाटलं नाही.

त्या वर्षीची घडामोडही साधी नव्हती. रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानला, त्याच्याबरोबर सॅम करन, आणि उलट बाजूने संजू सॅमसन चेन्नईला. जडेजाचे 18 कोटींचे 14 झाले होते. इअरफोनवाला मुलगा धोनीभक्त असल्यामुळे ह्या विषयावर त्याला बोलवत नव्हतं. तो नुसता खिडकीबाहेर बघत होता आणि मधूनच "चौदा..." असं पुटपुटत होता.

पण डब्याचा जीव त्या सौद्यात नव्हता. 13 नोव्हेंबरला लखनौने शार्दूल ठाकूर मुंबई इंडियन्सला दिला, 2 कोटींना. आणि शार्दूल कोणाचा? पालघरचा. माहीमचा. (हे माहीम ते नव्हे. केळवे-माहीम. पालघर-माहीममध्ये "शिवाजी पार्कच्या बाजूचं का?" असं विचारू नये, लोक उत्तर देत नाहीत, नुसते बघतात.) ह्याच रुळांवरून हा मुलगा किटबॅग घेऊन मुंबईला खेळायला जायचा. शाळेच्या एका सामन्यात बोरिवलीच्या दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला. हेच रोहित शर्माचे सर. रोज पालघरहून बोरिवली कसं जमणार म्हणून सरांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतला. शालेय क्रिकेटमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. पुढे 2018 साली दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर विमानतळावरून सरळ अंधेरी स्टेशन गाठून लोकलने घरी आला. डब्यातल्या पोरांनी म्हणे मोबाइलवर फोटो काढून ताडून पाहिलं, हा तोच का!

"त्या दिवशी मी त्याच डब्यात होतो," टोपीवाले काका म्हणाले. हे वाक्य पालघरमध्ये मला नंतरही ऐकायला मिळालं. त्या दिवशी त्या डब्यात जेवढे होते असं सांगतात, तेवढ्यांना नेण्यासाठी वेगळी गाडी सोडावी लागली असती.

मग हिशेब सुरू झाला. हा आपला मुलगा कुठे कुठे फिरला? काका बोटांवर मोजू लागले. आधी पंजाब. तिथून 2017ला ट्रेडमध्ये पुणे. मग चेन्नई. 2022च्या लिलावात दिल्लीने घेतला, 10 कोटी 75 लाखांना. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रेडमध्ये कोलकाता. पुन्हा चेन्नई, 4 कोटी. मग 2024चा जेद्दाहचा लिलाव, तिथे कोणी हातच वर केला नाही. मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौला बदली. आणि आता मुंबई.

"आठ," सुपरवायझर म्हणाले. "विरारनंतर डहाणूपर्यंत आपली स्टेशनंही बरोबर आठ."

डब्यात थोडा वेळ कौतुकाची शांतता पसरली. मग पहिली ठिणगी पडली.

"दहा पंच्याहत्तरचा माणूस दोनला मिळाला. लूट आहे."

"लूट कसली? दोनलाच मिळाला म्हणजे दोनचाच आहे."

"अहो, गाबाला 67 मारल्या होत्या! वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123ची भागीदारी! जोहान्सबर्गला 61 धावांत 7 विकेट!"

"काका, ती टेस्ट मॅच. इथे चार ओव्हर टाकायच्या आहेत."

"कोलकात्याकडून 29 बॉलमध्ये 68 कोणी मारल्या मग? तुझ्या धोनीने?"

मुलाने इअरफोन पुन्हा कानात घातले.

केळवे रोडला गाडी बाजूला घेतली. विरारच्या पुढे दोनच रूळ असल्यामुळे मागून मोठी गाडी येत असली की लोकलने मुकाट्याने वाट द्यायची, ही इथली रीत आहे. चौपदरीकरणाचं काम चाललंय, चालेल. पण ह्या थांब्यांचा एक फायदा होतो. कोपऱ्यातली गप्प माणसं बोलू लागतात. आतापर्यंत पेपरच्या आड असलेले एक साहेब, अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले, पेपर खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही बेसबॉल बघत नाही, म्हणून तुम्हांला हे नवीन वाटतं."

साहेबांची मुलगी न्यू जर्सीत. दर वर्षी तीन महिने तिकडे जातात आणि नातवंडांबरोबर बसून बेसबॉल बघतात. तिकडे खेळ थंडीत बंद, पण कोण कुठे जाणार ह्याच्या गप्पा थंडीतच जोरात. बदल्या, विक्री, अदलाबदली गेली शंभर वर्षं चालू आहेत. साहेबांनी हॅरी चिटीची गोष्ट सांगितली. 1962 साली न्यू यॉर्क मेट्सने क्लीव्हलँडकडून हा कॅचर घेतला. बदल्यात कोण देणार? तर एक खेळाडू देऊ, नाव नंतर कळवू, असं ठरलं. चिटी मेट्सकडून 15 सामने खेळला. मग मेट्सने शब्द पाळला आणि ठरल्याप्रमाणे एक खेळाडू क्लीव्हलँडला पाठवला. तो हॅरी चिटीच होता. स्वतःच्याच बदल्यात स्वतः.

डबा विचारात पडला. सगळ्यांत आधी सुपरवायझर सावरले. "म्हणजे रिटर्नेबल गेटपासवर गेला होता म्हणा की!"

हा प्रकार बोईसरच्या कारखान्यात रोज होत असल्यामुळे सगळ्यांना लगेच कळला. साहेबांना जोर चढला. 2023च्या डिसेंबरात शोहेई ओहतानी लॉस एंजेलिसला गेला तो दहा वर्षांच्या 70 कोटी डॉलरवर, पण त्यातले 68 कोटी त्याने करार संपल्यावर घ्यायचं कबूल केलं.

"आमचा ठेकेदारही तेच म्हणतो," दाराजवळून एक आवाज आला. "पगार नंतर."

त्यानंतर साहेब बेब रूथवर आले. बोस्टनने 1919च्या शेवटी त्याला 1 लाख डॉलरला यांकीजना विकलं. 1918ला जग जिंकलेल्या बोस्टनला पुढचं अजिंक्यपद मिळालं ते एकदम 2004ला.

"शहाऐंशी वर्षं!" काकांनी टोपी काढली. "आणि आम्ही मुंबईवाले 2020पासून करंडक नाही म्हणून रडतोय."

"पाच आहेत काका, पाच!"

"पाच आहेत रे. पण पर्समध्ये काय उरलंय? पावणेतीन कोटी! कोलकात्याकडे 64 कोटी 30 लाख. पावणेतीनमध्ये कोण येणार? डेकोरेशनवालासुद्धा यायचा नाही."

तेवढ्यात मागची मोठी गाडी धाडधाड निघून गेली आणि आम्ही हललो. पालघरला करार शब्दशः पाळला गेला आणि मला दाराजवळचा वारा मिळाला. नोव्हेंबरातला पालघरचा सकाळचा वारा, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

बोईसरला उतरताना मी साहेबांना विचारलं, तुमच्या केंद्रात एवढी वर्षं ट्रेड वगैरे काही नाही ना? ते हसले. "1969पासून आमच्या पहिल्या दोन भट्ट्या चालवल्या अमेरिकन इंधनावर. करार तीस वर्षांचा होता. 1974ला पोखरण झालं आणि अमेरिकेचा हात आखडला. मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया. भट्टी तिथेच, पुरवठादार बदलत गेले." एवढं बोलून ते पूल चढून निघून गेले.

बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते. शेअर ह्या कल्पनेची इथली मर्यादा रिक्षावाला ठरवतो. आमचा रिक्षावाला उत्तर प्रदेशातला, आधी एमआयडीसीत होता, आता स्वतःची रिक्षा. लखनौचा कट्टर. मी कुठून तरी शार्दूलचं नाव काढलं मात्र.

"हमारा आदमी ले गए आप लोग. और दिया क्या? अर्जुन तेंदुलकर!"

मागच्या सीटवरच्या एका मावशींनी सुधारलं, "ते दोन वेगळे व्यवहार आहेत. कागदोपत्री." ह्या मावशींच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती. "शार्दूल 2 कोटींना आला, अर्जुन 30 लाखांना गेला. अदलाबदल नाही झाली." रिक्षावाला पुढे चिंचणीपर्यंत बोलला नाही. बोंबलांच्या वासामुळे बाकीचेही नाही.

तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतला, आणि बदल्यात त्यांना कोणी काही दिलं नाही. बाजी भिवराव मात्र तिथे कामी आला. एवढं आठवेपर्यंत गाव आलं.

देवळापुढे मंडप. मंडपात पाटावर एक लोखंडी बत्ता, तो लिलावाचा हातोडा. मालकांच्या खुर्च्यांवर एक मच्छीचा व्यापारी, एक चिकूचा बागायतदार, एक कामगार पुरवणारा ठेकेदार आणि मित्राचा भाचा, गॉगल लावून. प्रत्येकाकडे दहा हजार पॉइंट. नियम कडक होते. प्रत्येक संघात चाळिशीपुढचा एक असलाच पाहिजे. आणि बोली लावण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारायची मुभा.

तो प्रश्न सगळे एकच विचारत होते: "शिफ्ट कोणती?"

इथे मला क्रिकेट कळलं. एक उंच, धिप्पाड पोरगा उभा राहिला. वेगवान गोलंदाज, गेल्या वर्षी म्हणे यॉर्करवर दोन स्टंप मोडले होते. "फिरती," तो म्हणाला आणि खाली मान घातली. मालकांनी एकमेकांकडे बघितलं. 400 पॉइंट. त्याच्या मागून आला एक गोलमटोल गृहस्थ, बॅट धरायची सोय नाही, पण जनरल शिफ्ट आणि रविवार पक्का. 2100! मच्छीच्या व्यापाऱ्याने एका बोटवाल्या यष्टिरक्षकाला विचारलं, "उधाणाला बोटीवर की मैदानावर?" पोरगा प्रामाणिक होता. "बोटीवर." बत्ता पडला नाही.

दोन भाऊ लागोपाठ आले. थोरला बागायतदाराने घेतला, धाकटा ठेकेदाराने. एक वार, दोन वार, तीन वार, बत्ता पडला, टाळ्या झाल्या. इतक्यात मंडपाच्या कडेने त्यांची आई आत आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. तिने पुढच्या खुर्चीसमोर उभं राहून विचारलं, "दोघांचे सामने वेगळ्या वेळी. मी डबा एक करायचा की दोन?"

नियमावली काढली गेली. ट्रेडसंबंधी त्यात काही नव्हतं. आईसंबंधी तर आयपीएलच्या नियमावलीतही कलम नाही. पाच मिनिटं कुजबुज झाली आणि धाकटा बागायतदाराकडे गेला. बदल्यात ठेकेदाराला एक चाळिशीपुढचा, टेनिस बॉलचा एक खोका आणि अंतिम सामन्यापर्यंत रोज दोन डझन चिकू. चिकूंचा मुद्दा ठेकेदाराने आग्रहाने लिहून घेतला. फक्त आईला कोणी काही विचारलं नाही, कारण तिला काही विचारायची हिंमत मंडपात कोणाची नव्हती.

जेवण उत्तम होतं. मित्राच्या भाच्याने आपले सगळे पॉइंट पहिल्या तीन खेळाडूंवर उडवले आणि उरलेला संघ घरच्या माणसांतून भरला. मला चाळिशीपुढच्या जागेसाठी विचारणा झाली. शिफ्ट विचारली नाही, हा मी अपमान मानला.

आयपीएलचा लिलाव 16 डिसेंबरला अबुधाबीत झाला. कोलकात्याने कॅमरून ग्रीनवर 25 कोटी 20 लाख टाकले. पावणेतीन कोटीवाल्या मुंबईने क्विंटन डी कॉकला 1 कोटीत घेतलं. हाच डी कॉक 2018च्या ऑक्टोबरात बंगळुरूकडून ट्रेडमध्ये मुंबईला 2 कोटी 80 लाखांना मिळाला होता, आणि 2019 व 2020च्या दोन्ही करंडकांत मुंबईकडून खेळला होता.