पन्हाळा पाहण्याची सोपी पद्धत : कागलकर नवशिक्यांसाठी

जुनी राजधानी बघणं हे कसबाचं काम आहे. पुढचे नियम पाळले तर पन्हाळा एका दुपारीत, डोक्यात काहीही न शिरता, बघून होतो.

1. तयारी. निघण्याआधी राजधानीशी आपलं नातं सगळ्यांना ऐकवा : कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. ‘पण राजधानी तर 1782 लाच पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली होती,’ असं कुणी मास्तर म्हणालेच, तर त्यांना मागच्या सीटवर पिशव्यांसोबत बसवा.

2. प्रवास. हंगाम असेल तर कोल्हापूरपर्यंत उसाच्या ट्रॉलीमागून जा. वाघबीळला ‘आधी जोतिबा की आधी पन्हाळा?’ हा वाद काढा. तो मिटेपर्यंत गड येतो.

3. प्रवेश. चार दरवाजा शोधू नका. गडकऱ्यांच्या 1844 च्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. त्या मोकळ्या जागेतूनच आपली गाडी आत शिरते. 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहर गडाला वेढा घालून चार महिने बाहेर बसून होता. आपलं काम एका पावतीत होतं.

4. तीन दरवाजा. पुढे उभं राहून फोटो काढा. मागचं कोरीवकाम झाकलं जाईल एवढी माणसं फोटोत हवीत.

5. अंधारबाव. वरून डोकावून ‘लई खोल हाय’ म्हणा आणि फिरा. बाव तीन मजली आहे, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निसटायला चोरवाट आहे, या गोष्टी पायऱ्या उतरणाऱ्यांसाठी आहेत.

6. सज्जा कोठी. इथे वारा खा. भिंतीवर बदाम कोरून त्यात दोन नावं घालणारे आपल्याच तालुक्याचे निघाले, तर गाडीची नंबरप्लेट झाकून घ्या.

7. जेवण. सर्वांत जास्त वेळ इथे द्या. झुणका-भाकरी, खर्डा, दही, वर भाजलेलं कणीस. जेवताना स्टेटस टाका : ‘जागतिक वारसा!’ जुलै 2025 पासून पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे ते खोटंही ठरत नाही.

8. अंबारखाना. वेळ उरला तरच. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन दगडी कोठारं. बाहेरच्या जिन्यानं छतावर जायचं आणि छताच्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी सोय. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं म्हणतात. तलवारी, पुतळे, बुरूज सगळ्यांना दिसतात. पण वेढ्यात गड तगायचा तो या कोठारांवर. म्हणून इथे फार थांबू नका. पोरगं विचारेल, ‘बाबा, चार महिने एवढी माणसं खात काय होती?’ उत्तर येत नसेल तर त्याला आणखी एक कणीस घेऊन द्या.