अडीच नंबरचे अण्णा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत अण्णांची ब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या जोरावर बारीक कण मारून लोखंडाचा गंज उतरवायची, शेड आहे. कॉम्प्रेसर सुरू असला की पत्ता विचारावा लागत नाही. नोझलपाशी आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. हयात त्यात गेल्यामुळे अण्णांना हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि स्वतःला हळू बोलता येत नाही. परिणामी तुमच्या खिडकीच्या ग्रिलला गंज किती चढलाय आणि तुमच्या अंगावर मांस किती चढलंय, या दोन्ही बातम्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गोकुळ शिरगावात एकदमच पोचतात. नोझलच्या मुठीवरचा हात सुटला की मारा आपोआप बंद पडतो. अण्णांच्या तोंडाला ती सोय नाही.

अण्णांच्या लेखी जगात दोनच वर्ग: ब्लास्टिंग झालेलं आणि व्हायचं राहिलेलं. गंजाच्या चार प्रती त्यांना तोंडपाठ. वरची काळी खपली शाबूत असलेलं नवं लोखंड ‘ए’, आणि खड्डे पडून चाळण होत आलेलं ‘डी’. साफ केल्यावरचे दर्जे वेगळे: एसए एक, दोन, अडीच आणि तीन. तीन म्हणजे निव्वळ लोखंड, डागाचं नाव नाही. अडीच म्हणजे कुठं कुठं पुसटशी सावली राहिलेली. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथं मुलीच्या बापाचा हात हातात घेऊन म्हणाले, “आमचा पोरगा सी ग्रेड हाय, पण अडीचपर्यंत येतोय.” लग्न जमलं. बापाची फाउंड्री होती, त्याला नेमकं कळलं.

“तीनपर्यंत का नाही आणत?” असं विचारलं तर अण्णा म्हणतात, “तीनला पैसं लागत्यात. अडीचला अक्कल.”

त्यांच्या शेडमध्ये एकच शब्द वर्ज्य: वाळू. नवखं गिऱ्हाईक “जरा वाळू मारून द्या की” म्हणालं, की अण्णा कॉम्प्रेसर बंद करतात. फिलाडेल्फियाच्या टिल्घमन यांनी 1870 साली या युक्तीचं पेटंट घेतलं तेव्हा वाळूच होती, इथून कीर्तन सुरू होतं. वाळूचा कण लोखंडावर फुटतो, त्याची सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, आणि सिलिकोसिस झाला की माघार नाही. ब्रिटननं कारखान्यांतली ही वाळू 1949 सालीच बंद केली. विटक्या जीन्सवर वाळू मारणारी तुर्कस्तानातली तरणी पोरं दम लागून मेली, तेव्हा 2009 मध्ये तिथंही बंदी आली. गिऱ्हाईक जीन्स घालून आलेलं असेल तर बिचारं ग्रिल तिथंच टाकून पाय काढतं.

वाळू नाही म्हणून अण्णांचं अडत नाही. कोपऱ्यात पोती रचलेली: कॉपर स्लॅग, गार्नेट, स्टील ग्रिट, काचेचे मणी, आणि नाजूक कामाला अक्रोडाच्या टरफलांचा भरडा. वहिनींचं म्हणणं, “लग्न झाल्यापास्नं घरात अक्रोड आला न्हाई, आणि शेडात टरफलं पोत्यानं.”

एक हौशी तरुण आजोबांची बुलेट घेऊन आला. टाकी नव्यासारखी हवी होती. अण्णांनी टाकी कानाशी धरून वाजवली. पत्रा पातळ असला की जोराच्या माऱ्यानं वाकतो, म्हणून दाब निम्म्यावर आणला, काचेचे मणी घेतले. दोन मिनिटांत टाकीतून पलीकडची भिंत दिसायला लागली. पोरगं रडकुंडीला आलं. अण्णा म्हणाले, “टाकी हुती कुठं, बाळा? गंजानंच गंजाला धरलं हुतं. आजोबांचं पेट्रोल सांडलं न्हाई ही त्यांची पुण्याई.”

पावसाळ्यात अण्णांची मोठी पंचाईत. उघडं लोखंड दमट हवेत बघता बघता पुन्हा लाल होतं. साफ केल्यापासून चारेक तासांत प्रायमर बसलाच पाहिजे. हवेतला दमटपणा पंच्याऐंशी टक्क्यांवर गेला की काम बंद, आणि कोल्हापूरचा आषाढ त्याखाली उतरायला तयार नसतो. मग रिकामे अण्णा माणसांकडे वळतात. त्या दिवसांत नातेवाईक शिरोलीच्या रस्त्यानं जात नाहीत.

अशाच एका पावसाळ्यात एका गावच्या देवस्थान समितीनं त्यांना बोलावलं. जुनं दगडी देऊळ, वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढत गेलेले. सुरसुंदरी पिवळी, द्वारपाल पोपटी. अध्यक्ष म्हणाले, “अण्णा, जत्रेच्या आत काळा दगड दिसला पाहिजे. मारा बिनधास्त.”

एवढं मोठं काम बघून अण्णांच्या तोंडाला पाणी सुटणार, असंच सगळ्यांना वाटलं. अण्णा द्वारपालापुढं बराच वेळ उभे राहिले. रंगाचा एक पोपडा नखानं काढला. मग सभामंडप दणाणला.

“अध्यक्ष, दगडाला परत रंग देणार?”

“छे, छे! म्हणून तर काढतोय.”

“मग मी कशाला? लोखंडावर मी मारतो ते त्याला खरबरीत करायला. साठ-सत्तर मायक्रॉनचं खड्डं पडलं की प्रायमर त्यात पाय रोवतोय. हितं रंगच न्हाई, तर खड्डं कुणासाठी? ह्याच्या नाकाला पाथरवटानं धार लावलीया. माझ्या नोझलला रंगबी तसाच आणि नाकबी तसंच.”

मग त्यांनी अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवीचं उदाहरण दिलं. 1980 च्या दशकात तिच्या तांब्याच्या पत्र्याचं आतलं डांबर खायच्या सोड्याचा मारा करून काढलं; सोडा फटींतून बाहेर झिरपला आणि बाहेरची हिरवी झाक जागोजागी बिघडली. “सोडा हो! भज्यातला! आणि तुम्ही दगडाला ग्रिट मारायला सांगताय.” रंग मऊ करणारा लेप, पाणी, मऊ ब्रश आणि जाणत्या माणसाची देखरेख, एवढंच औषध. जत्रा ह्या वर्षीची चुकली तर चुकू दे.

समितीची तोंडं उतरली. अध्यक्ष पडेल आवाजात म्हणाले, “म्हणजे अण्णा, देवळाला तुमचा हात लागायचाच न्हाई?”

अण्णांनी सभोवार नजर फिरवली. गाभाऱ्याच्या चौकटीशेजारी कोरीव काम झाकून देणगीदारांची संगमरवरी पाटी बसवलेली होती. पहिलं नाव अध्यक्षांचं, सोनेरी अक्षरांत.

“ही पाटी,” अण्णा खुशीत म्हणाले, “काढून शेडवर पाठवा. हिला तीन नंबर करून देतो. फुकट!”