नणंद बदलापुरात, वहिनी फोर्टात

"अगं वैशाली, कळलं का तुला? मी मुंबईत हॉस्टेलात राहून आले."

आमच्या आणि मंदाकाकूंच्या आवारामध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. वाडीतली निम्मीअधिक बातमी त्याच्यावरूनच पुढे जाते. दोरीवरचे कपडे काढता काढता मी थांबले.

"हॉस्टेलात? या वयात कुठल्या कॉलेजात नाव घातलंत, काकू?"

"कॉलेजाचं नव्हे गं. पाठीवर बोचकी घेऊन फिरणारी पोरं उतरतात ना, तसलं. तिथे खोली घ्यायची नाही, खाट घ्यायची. एका खाटेचे सातशे-आठशे रुपये. आणि कुठे, तर फोर्टात! तिथे हॉटेलवाल्याला नुसतं 'खोली आहे का' विचारलं तरी अडीच-तीन हजार सांगतो."

"पण वन्सं बदलापुरात असताना…"

एवढंच मी म्हटलं. काकू या प्रश्नाचीच वाट बघत होत्या. हातातली परडी त्यांनी गडग्यावर ठेवली आणि पदर खोचला.

"तेच तर सगळं रामायण आहे. माझी भाची, सई, बांद्याची. तिला जेजेत चित्रकला शिकायचीय. प्रवेशाच्या कामाला सकाळी नवाला दारात हजर राहायचं होतं. आता बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर. गाडीत चढायला मिळालं तर दीड तास, नाही मिळालं तर देवाक काळजी. पोरीच्या हातात हा एवढा चित्रांचा गठ्ठा. सकाळच्या लोकलमधून तो नेला असता तर वर्षभराच्या मेहनतीची घडी झाली असती."

"वन्संना सांगितलंत का तसं?"

"सांगितलं. म्हणाल्या, 'माझं घर काय ओस पडलंय?' ओस कुठलं पडतंय! वन रूम किचन, त्यात माणसं पाच. भावोजी हॉलमध्ये, मुलगा-सून नि नातू आत, आणि आम्ही ओट्याखाली पाय घालून. बरं, पाहुणा निजल्याशिवाय त्यांना निजता येत नाही, आणि ते टीव्ही बंद करीपर्यंत पाहुण्याला. फुकट राहणं म्हणायचं नि हिशेब केला तर? आंब्याची पेटी धर, नातवाच्या हातावर टेकवायचे धर, त्यांनी साडी नेसवली की आपण परत नेसवायची ती साडी धर. सातशे रुपये देऊन मी मोकळी. वर उपकार कुणाचे नाहीत."

काकूंच्या बोलण्यातले चार आणे मी नेहमी वजा करते. या हिशेबातून मात्र काही वजा होईना. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मुलुंडच्या आत्या आल्या होत्या.

"सहज मिळाली का हो जागा?"

"कसली सहज! सईने आधी एका ठिकाणी फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, अठरा ते चाळीस वयाचेच घेतो. म्हणजे मी त्यांच्या लेखी बादच. दुसरीकडे वयाची अट नव्हती. फक्त आधारकार्ड, आणि आगाऊ पैसे. पहाटे कोकणकन्येने उतरलो तर खाट दुपारी मिळणार म्हणे. पण सामान ठेवून घेतलं आणि आंघोळीची सोय दिली. ते महत्त्वाचं."

"न्हाणीघर सामाईक?"

"सामाईक, पण लख्ख. फक्त बादली नाही! नुसता शॉवर. मी तिथल्या कामाच्या पोराला म्हटलं, बाबा, मला अंगावर पाऊस नको, तांब्याने पाणी घेऊ दे. हसला, पण कुठूनशी बादली आणून दिली."

मग खोलीचं वर्णन झालं. ते मी थोडक्यात सांगते, कारण काकूंनी त्याला अर्धा तास घेतला. फक्त बायकांची खोली, सहा जणींची. आगगाडीच्या बर्थसारख्या खाली-वर खाटा. प्रत्येक खाटेला पडदा, उशाशी छोटा दिवा, मोबाइल लावायला प्लग. चादर-उशीचे अभ्रे आल्यावर हातात देतात, आपले आपण घालायचे. खाटेखाली लोखंडी कपाट, पण कुलूप आपलं. ते तिथेही विकत मिळतं, दुप्पट भावाने. काकूंनी घरून कोठीचं पितळी कुलूप नेलं होतं. ते त्या कपाटाच्या कडीत जाईना. शेवटी सईने आपल्या सायकलचं लावलं.

"आणि बायका कोण कोण होत्या?" खरी उत्सुकता मला इथे होती.

"एक केरळची नर्स, आखातात निघालेली, कागदांवर शिक्के मारून घ्यायला आलेली. एक लातूरची, नोकरीच्या मुलाखतीला. बिचारी पडद्याआड 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' घोकत होती. शेवटी मला पाठ झालं. एक जर्मनीची, वीस-बावीसची, एकटी हिंडणारी. तिचा पासपोर्ट बघून पोराने केवढी माहिती भरली! परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत सरकारला कळवावंच लागतं म्हणे. आणि सहावी कोण ते कळलंच नाही. पडदा कायम बंद. खालून दोन पाय तेवढे दिसायचे."

"भीती नाही वाटली?"

"कशाची? बदलापूरच्या लोकलपेक्षा जास्त सुरक्षित. त्रास म्हणशील तर एकच. पहाटे चारला कुणीतरी उठलं आणि प्लास्टिकच्या पिशव्या चाळवत बसलं. एकीतून काढायचं, दुसरीत घालायचं. अर्धा तास करकर करकर! घोरणं परवडलं."

घोरण्याच्या विषयावर काकू पटकन पुढे सरकल्या. त्या घोरतात ते आम्हाला गडग्याच्या अलीकडे ऐकू येतं. त्या जर्मन मुलीने कानांत बोळे घातले होते, हे मात्र बोलण्याच्या ओघात निघून गेलं.

"तिनेच सांगितलं, सईने मला मराठीत करून सांगितलं, की हे हॉस्टेल प्रकरण निघालं त्यांच्या देशात. रिचर्ड शिरमान नावाचे मास्तर होते. १९०९ साली पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळात सापडले. एका गावच्या शाळेत आसरा घेतला, शेतकऱ्याने पेंढा दिला, त्यावर पोरं निजली. मास्तरांना रात्रभर झोप नाही. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पोरांना गावोगावी अशी निजायची सोय का नको, हा विचार. पुढे १९१२ मध्ये आल्टेना म्हणून गाव आहे, तिथल्या किल्ल्यात कायमचं काढलं. तीन मजली खाटा होत्या म्हणे. मी म्हटलं, मास्तर शहाणे. पण हे काही जगावेगळं नव्हे."

"म्हणजे?"

"अगं, आमचे मामंजी लालबागला कुठे राहिले? गावकीच्या खोलीत! एका खोलीत वीस-पंचवीस बाप्ये. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा. ट्रंक तेवढी स्वतःची, जेवण खानावळवालीकडे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा ती ट्रंक घेऊन गावी आले. माळ्यावर आहे अजून. त्यांना पडदा नव्हता नि उशाशी दिवा नव्हता, एवढाच फरक. आणि माझ्या माहेराच्या पलीकडे गोवा. तिथले लोक जहाजावर जायचे ते मुंबईत उतरायचे कुठे? कुडात! गावागावाचं वेगळं कूड. धोबीतलावावर मेट्रो सिनेमाच्या चौकात जेर महाल आहे ना, त्यात कितीतरी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, भिंतीकडेने ट्रंका, आणि जहाज लागेपर्यंत मुक्काम. जेजेतलं काम आटपल्यावर मी सईला मुद्दाम तिकडे नेलं. खाली कयानीत मावा केक खाल्ला. १९०४ ची बेकरी आहे, आणि खुर्च्याही तेव्हाच्याच असाव्यात, पाठ धरली माझी. कुडाचा जिना मात्र खालूनच बघितला. तो कारभार पुरुषांचा."

"काका काय म्हणाले या सगळ्याला?"

"ते! त्यांना म्हटलं होतं, तुम्हीही चला, मुंबई सेंट्रलला रेल्वेचं पॉड हॉटेल आहे. २०२१ मध्ये आपल्या रावसाहेब दानव्यांनी उद्घाटन केलं, अठ्ठेचाळीस पॉड, तेव्हा बारा तासांना नऊशे नव्व्याण्णव घेत होते. मोबाइलवर फोटो बघून म्हणाले, 'या खणात मी मेल्यावरच जाईन.' म्हटलं, तेव्हा नऊशे नव्व्याण्णव कोण भरणार?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की काका ओटीवर येऊन बघून गेले.

"मग वन्सं अजून रुसलेल्याच?"

काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणजे आतापर्यंतचं सगळं उघड होतं, खरी गोष्ट आता.

"पहिले आठ दिवस फोन नाही. नातेवाइकांत सांगत सुटल्या, वहिनीने धर्मशाळा जवळ केली. आणि परवा रात्री सईला फोन! मला नव्हे, सईला. म्हणाल्या, 'ते हॉस्टेल कुठे गं? पडदा पूर्ण लागतो का? आणि सकाळी कुणी चहा मागायला उठवत नाही ना?'"

"त्यांना कशाला?"

"कशाला म्हणजे? जायचंय त्यांना! एकटीने, एक रात्र. बेचाळीस वर्षं त्या घरात सगळ्यांच्या आधी उठतायत आणि सगळ्यांच्या नंतर आडव्या होतायत. म्हणाल्या, भावोजींना मैत्रिणीकडे पूजा आहे म्हणून सांगेन."

"अय्या! मग गेल्या?"

"कशा जातील? सईने चौकशी केली. तिथे नियम आहे, मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेल्या माणसाला खाट देत नाहीत. बाहेरगावचाच लागतो. यांचं आधारकार्ड बदलापूरचं."

"अरेरे! मग आता?"

"आता काय, इकडे येतायत मे महिन्यात. विश्रांतीला," काकू परडी उचलत म्हणाल्या. "भावोजी, मुलगा, सून, नातू, सगळ्यांना घेऊन. तुझ्याकडच्या दोन गाद्या लागतील हं मला."