गौण खनिज आणि इतर गाऱ्हाणी

तुम्ही हिंगणघाटचे असा, आर्वीचे असा की पुलगावचे, तुमच्या ओळखीत एक तरी माणूस लडाखला जाऊन आलेला असणार आणि त्यानं तुम्हाला बसवून सगळे फोटो दाखवलेले असणार. माझी तुम्हाला पूर्ण सहानुभूती आहे. पण तुम्ही फोटो नुसते पाहिले. मी त्या फोटोंत आहे. मागच्या रांगेत, मफलर गुंडाळलेला, डोळे मिटलेला. तेव्हा चहा घ्या आणि प्रकरण नीट ऐका. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तक्रार कशी मांडायची ते मला कळतं. आधी पार्श्वभूमी, मग मुद्दे, शेवटी मागण्या.

पार्श्वभूमी अशी की, सगळा दोष रस्त्याचा आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ श्रीनगरहून निघतो आणि चार हजार किलोमीटर चालून कन्याकुमारीला संपतो. एवढा मोठा देश पडलेला असताना हा रस्ता जामवरून येतो, हिंगणघाटला लागतो आणि वडनेरकडून पुढं जातो. पूर्वी याचा नंबर सात होता. तेव्हा याचं वरचं टोक वाराणसीला होतं. वाराणसीला माणूस वय झाल्यावर, सवडीनं आणि शक्यतो रेल्वेनं जातो. कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. २०१० साली महामार्गांचे नंबर बदलले, टोक काश्मीरला गेलं आणि पुढं कधीतरी ही गोष्ट माझ्या भाच्याच्या वाचनात आली.

"मामा, रस्ता तर आपल्या दारातूनच जाते ना! उत्तरेकडं तोंड केलं का सरळ श्रीनगर. तिथून लेह सव्वाचारशे किलोमीटर." रस्ता दारातून जातो म्हणून त्याच्या टोकापर्यंत गेलंच पाहिजे, हा युक्तिवाद मला मान्य नव्हता. दारातून नालीही जाते. पण माझं म्हणणं नोंदवून न घेता प्रस्ताव मंजूर झाला.

आता मुद्दा पहिला: आसनव्यवस्था. गाडीत माझी नेमणूक मागच्या सीटवर मधोमध झाली. कारण दिलं गेलं की "मामा बारीक आहेत." डावी खिडकी सौभाग्यवतींना, कारण त्यांना गाडी लागते. उजवी खिडकी मेहुण्याला, कारण त्याला झोप लागते. मला काही लागत नाही, ही माझी अपात्रता ठरली. मधल्या सीटखाली गाडीचा तळ वर आलेला असतो, त्यामुळे गुडघे छातीपाशी येतात. मेहुण्याचं डोकं नागपूरला माझ्या खांद्यावर आलं ते झाशीला उचललं गेलं. सागर, ग्वाल्हेर, आग्रा, पानिपत ही ऐतिहासिक शहरं मी पुढच्या दोन सीटच्या फटीतून पाहिली. वर्ध्याहून मुद्दाम आणलेल्या गोरसपाकाचा डबा माझ्या मांडीवर सोपवला होता. ज्यांनी गोरसपाक खाल्ला आहे त्यांना माहीत आहे की तो तोंडात जायच्या आधीच अर्धा विरघळतो आणि उरलेला अर्धा सांडतो. खाणारे चौघं होते; सांडायचं ठिकाण एकच होतं.

मुद्दा दुसरा: लेह. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, आपलं हिंगणघाट अडीचशेच्या आतच. इतक्या वर गेल्यावर हवा विरळ होते, म्हणून पहिले एक-दोन दिवस काहीही न करता पडून राहा, असं डॉक्टर सांगतात. सल्ला योग्य आहे. माझा आक्षेप खर्चाला आहे. काहीही न करता पडून राहणं हे निवृत्तीपासून माझं नियमित काम आहे आणि ते मी घरी कुठलाही प्रवासभत्ता न घेता करत होतो. त्यात भाच्यानं ऑक्सिमीटर आणलेला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या बोटाला लावायचा आणि आकडा मोठ्यानं जाहीर करायचा. मेहुण्याचे ९३ आले. मॅट्रिकला त्याला एवढे कोणत्याच विषयात नव्हते, त्यामुळे तो दिवसभर बोट वर करून फिरत होता. माझे ८६ आले. त्या क्षणापासून माझ्या कोणत्याही मताची दखल घेणं बंद झालं. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तरी उत्तर एकच: "त्यांचा ऑक्सिजन कमी आहे."

बाहेर कोणाला गाऱ्हाणं सांगावं, तर बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतात. म्हणजे जो माणूस आयुष्यभर आधी पैसे भरून मग बोलला, त्याचा आवाज बंद. आणि जो आधी बोलतो आणि पैसे महिनाअखेरीस देतो, त्याला पूर्ण रेंज. यावर मी काही बोलत नाही. बोलता येतही नव्हतं.

मुद्दा तिसरा: खारदुंगला. नुब्रा खोऱ्यात जायचं तर ही खिंड ओलांडावी लागते. वर पोचल्यावर निसर्ग पाहायचा असतो असा माझा समज होता. प्रत्यक्षात पाटी पाहायची असते. पाटीसमोर फोटोसाठी रांग, रांगेत धक्काबुक्की आणि श्वास घ्यायला हवा अपुरी. ही पाटी अनेक वर्षं १८,३८० फूट सांगत होती. नंतर अचूक यंत्रांनी मोजलं तर उंची भरली सुमारे १७,५८२ फूट. फरक जवळजवळ आठशे फुटांचा! आमच्या खात्यात सातबारावर आठ आर इकडचे तिकडे झाले तर तलाठ्याची चौकशी लागते, दोन भावांची तोंडं तीन पिढ्या एकमेकांकडं होत नाहीत. इथं अख्ख्या डोंगराची नोंद चुकली आणि लोक पाटीला मिठी मारून फोटो काढत होते.

मुद्दा चौथा, आणि इथं मला एक घोट चहा घेऊ द्या. हुंदरची रेती.

नुब्रा खोऱ्यात, श्योक नदीच्या काठी, दहा हजार फुटांवर रेतीच्या टेकड्याच टेकड्या आहेत. मागं बर्फाचे डोंगर, पुढं रेती. माझ्या सोबतचे "वा, वा" म्हणाले. मला म्हणता येईना. माझी अर्धी नोकरी रेतीत गेली हो. रेतीघाटांचे लिलाव, वाहतूक परवाने, मध्यरात्री पकडलेले ट्रॅक्टर, पंचनामे, दंडाच्या नोटिसा. शासनदरबारी रेतीला गौण खनिज म्हणतात, पण तिच्याइतकं कोणीही मला छळलेलं नाही. २०२३ साली शासनानं सहाशे रुपये ब्रासचा दर जाहीर केला, घरकुलवाल्यांना पाच ब्रास मोफत ठरली, धोरणं आली नि बदलली. मात्र माझ्या घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब एक अख्खा पावसाळा रेतीसाठी थांबला होता. शेजाऱ्यांच्या घरी रेती रात्री यायची. मी पावती मागत होतो, म्हणून माझ्याकडं दिवसाही येत नव्हती.

आणि इथं ती पसरली होती. मोकळी. ना घाट, ना बोली, ना कोतवाल. शंभर घनफुटाचा एक ब्रास धरून मी एका टेकडीची लांबी-रुंदी पावलांनी मोजायला घेतली. सौभाग्यवतींनी लांबून हाक मारली, "अहो, काय करून राहिले?" भाचा म्हणाला, "राहू द्या मामी. ऑक्सिजन."

त्या रेतीवर दोन वशिंडांचे उंट आहेत. त्यांचे पूर्वज यार्कंदकडून येणाऱ्या व्यापारी काफिल्यांसोबत आले. गेल्या शतकाच्या मध्यावर सीमा बंद झाली, व्यापार थांबला आणि जनावरं अलीकडेच राहिली. मालक पलीकडे, वारसनोंद नाही. आमच्याकडं असं प्रकरण तीस वर्षं प्रलंबित राहिलं असतं. तिथं त्यांना पर्यटनात सामावून घेतलं गेलं. मला आग्रहानं एका उंटावर बसवलं. पुढं एक वशिंड, मागं एक वशिंड आणि बरोबर मधोमध मी. मधली सीट माझ्या पत्रिकेतच आहे.

ही रेती बुटांत शिरली आणि हिंगणघाटपर्यंत आली. गौण खनिजाची विनापरवाना आंतरराज्य वाहतूक! मी अंगणात बूट झटकले तेव्हा पसाभर निघाली. कोणी पंचनामा करायला आलाच तर मुद्देमाल म्हणून बूट जप्त करावे लागतील, आणि बूट भाच्याचे आहेत. ही या सहलीतली एकमेव समाधानाची बाब.

मुद्दा पाचवा: तंबू. पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटरवर आहे, पाणी निळं आहे, याबद्दल वाद नाही. 'थ्री इडियट्स' २००९ साली आला, शेवटचा प्रसंग तिथं घडला, आणि आता काठावर पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढायचे पैसे पडतात. ते असो. आमचा तंबू 'डिलक्स' होता. म्हणजे आत खाट होती आणि दिवाही होता. दिवा जनरेटरवर, जनरेटर ठरावीक वेळेपर्यंत. गरम पाणी सकाळी, एक बादली, मागणी नोंदवल्यास. तंबूची चेन वरून तीन बोटं लागत नव्हती आणि त्या तीन बोटांतून चीनच्या दिशेचा वारा थेट माझ्या कानात येत होता. खाट अर्थातच दाराजवळची. दोन रजया अंगावर घेतल्या की थंडी वाजत नाही, पण कूसही बदलता येत नाही. बाहेर शेकोटीभोवती लोक म्हणत होते, "काय शांतता आहे!" आणि ती सर्वांना ऐकू यावी म्हणून स्पीकरवर गाणी लावली होती.

आता या सर्व मुद्द्यांचा एकत्रित विचार करा. आपल्या समुद्रपूर-सेलू भागातला शेतकरी हरभरा डुकरांनी खाऊ नये म्हणून थंडीत मचाणावर जागल करतो. उघड्यावर झोप, वर तारे, खाली रानडुकरं. बोरचं जंगल जवळ असेल तर वाघही. लाइट रात्रीची आली तर मध्यरात्री उठून ओलीत. गरम पाण्याची बादली नाही, मागणी नोंदवली तरी नाही. त्याला कोणी 'डिलक्स' म्हणालं? त्याच्या मचाणासमोर कोणी पाटी लावली? तो सकाळी गावात आला तर लोक फोटो मागत नाहीत, "किती नुकसान झालं?" विचारतात. तीच थंडी, तोच अंधार, तीच अपुरी झोप. तिथं त्याची पावती फाडतात, इथं त्याचा अर्ज करावा लागतो. राज्यघटनेचं चौदावं कलम कायद्यापुढं सगळे समान म्हणतं. कष्टापुढंही समान असावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

परत आलो तर निदान गावात मान मिळेल असं वाटलं होतं. चौकात पहिल्याच माणसानं विचारलं, "उमलिंगला नाही केलं काय भाऊ? तो खारदुंगलापेक्षा उंच रस्ता. १९,०२४ फूट. गिनीज बुकात आला २०२१ ले." म्हणजे मी जे सोसलं ते आधीच खालच्या श्रेणीत टाकलं गेलं होतं. जाण्यापूर्वीच पदावनती, आणि तीही कारणे दाखवा नोटिशीशिवाय.

म्हणून मागण्या. एक: प्रत्येक खिंडीची उंची एकदाच मोजावी आणि सर्वांनी ती मान्य करावी. दोन: ऑक्सिमीटरचा आकडा गोपनीय समजावा. तीन: 'डिलक्स' तंबूची चेन वरपर्यंत लागावी. चार: जागल करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला शासनानं पर्यटक घोषित करून त्याच्या मचाणावर सकाळी गरम पाण्याची बादली पोचवावी. पाच: डबा ज्याच्या मांडीवर, पहिला गोरसपाक त्याचा.

अर्जाची एक प्रत भाच्याला दिली. त्यानं ती न वाचता सांगितलं की पुढच्या जूनमध्ये स्पिती ठरली आहे, पँगाँगपेक्षा थंडी कमी, रस्ता जास्त खराब, आणि मामांची जागा तीच, कारण आता त्यांना सवय आहे. मी त्याच दिवशी सेवाज्येष्ठतेच्या आधारे डाव्या खिडकीवर लेखी हक्क सांगितला आहे. सौभाग्यवतींनी हरकत घेतली आहे. सुनावणी चालू आहे.